अ‍ॅव्हरेजच्या नादानं

पेट्रोलवरची जुनी जीप बाळगणाऱ्या माणसाला लोक तब्येत विचारत नाहीत, मुलाबाळांचं विचारत नाहीत. थेट ‘अ‍ॅव्हरेज किती देती?’ असं विचारतात. त्या प्रश्नात चौकशी थोडी आणि सांत्वन जास्त असतं. माझ्या मामांकडं महिंद्राची जुनी सीजे-३बी आहे, माझ्या आईच्या लग्नातल्या फोटोतही ती मागं उभी दिसते. या प्रश्नाला उत्तर देताना मामांचा आवाज आपोआप खाली यायचा. ‘सहा-सात,’ असं म्हणायचे आणि लगेच ‘पण घाटात सोडून बघा एकदा’ अशी पुस्ती जोडायचे. समोरच्याला घाटाशी काही देणंघेणं नसायचं. तो सहा-सातलाच अडकून पडायचा आणि मामांकडं असं बघायचा की यांच्या घरी आता चूल कशी पेटते कोण जाणे.

खरं तर त्या सहा-सातला मोठं खानदान आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या मूळ जीपला ‘गो डेव्हिल’ नावाचं साठ अश्वशक्तीचं इंजिन होतं, सगळे व्हॉल्व्ह बाजूला, ब्लॉकातच. पुढं विलीस कंपनीनं ‘हरिकेन’ काढलं. त्यात हवा आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडात आणि धूर बाहेर टाकणारा खाली ब्लॉकात. ताकद बहात्तरवर गेली, पण इंजिनाची उंची वाढली आणि ते जुन्या बॉनेटखाली मावेना. यावर कंपनीनं इंजिन ठेंगणं करायचा खटाटोप केला नाही. १९५३ साली सरळ बॉनेटच उंच करून टाकलं. सीजे-३बीचं ते कपाळ वर आलेलं, जरा आश्चर्यचकित तोंड त्यातून जन्मलं. दिसायला ती काही देखणी नव्हे, हे मी मामांच्या पश्चातच लिहू शकतो, म्हणजे ते दुपारचे झोपलेले असताना. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ साली थांबलं. आपल्याकडं महिंद्रानं तो चेहरा पुढं कितीतरी वर्षं चालवला. इंजिन बसत नसेल तर गाडी बदलायची, हा पायंडा मात्र खुद्द कारखान्यानं पाडलेला आहे, एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

२०१२ च्या उन्हाळ्यात पेट्रोल आणि डिझेल यांच्यात लिटरमागं तीसेक रुपयांचं अंतर पडलं. पेट्रोलचे दर सरकारनं २०१० मध्ये मोकळे सोडले होते आणि डिझेलचे अजून हाताशी धरून ठेवले होते. पंपावर एकाच माणसाच्या दोन हातांत दोन नळ्या असायच्या आणि मामांना त्यातली महागडी मिळायची. त्यांनी साखर कारखान्याच्या डायरीत मागच्या पानावर हिशेब मांडला. डावीकडं पेट्रोल, उजवीकडं डिझेल, खाली वर्षाची बचत. इंजिन बदलायचा खर्च लिहायच्या जागी नुसती रेघ ओढलेली. त्या रेघेवरचा आकडा मिस्त्री सांगणार होते. मिस्त्रींनी तो आजतागायत सांगितलेला नाही.

कोल्हापुरात असा विचार मनात आलेला माणूस शेवटी उद्यमनगरात पोचतो. तिथं एका गल्लीत फाउंड्री, दुसरीत लेथ, तिसरीत पॅटर्न बनवणारा, कोपऱ्यावर वेल्डिंग, आणि मधोमध चहाचा गाडा. काहीही तुटलेलं घेऊन जा, तसंच नवीन घेऊन परत या. मामांचे मिस्त्री याच गल्ल्यांत वाढलेले. त्यांना कुठलीही अडचण सांगितली की ते ती गोष्ट एकदा डोळ्यांनी वरखाली मोजतात, विडीची राख झटकतात आणि म्हणतात, ‘बसतंय की.’ हे उत्तर त्यांनी ट्रॅक्टरच्या डायनामोबद्दल दिलेलं मी ऐकलं आहे, एका घराच्या दारात न मावणाऱ्या कपाटाबद्दल दिलेलं ऐकलं आहे, आणि मामांनी जीपमध्ये डिझेल इंजिन घालायचं काढलं तेव्हाही त्यांनी तेच सांगितलं. कुठलं इंजिन, हे विचारायच्या आधी.

कुठलं, हा प्रश्न चहाच्या गाड्याकडं गेला. तिथं तीन पक्ष होते. पहिला डीआयचा. महिंद्राचं हे इंजिन ट्रॅक्टरच्या घराण्यातलं. मजबूत, जड, साधं, आणि बिघडलं तर गावातला कुठलाही मिस्त्री हात घालील असं. पण ते मुळात सावकाश फिरणारं. जुन्या जीपच्या मागच्या क्राऊनचा रेशो ५.३८, म्हणजे चाक एकदा फिरवायला इंजिनाकडून पाचाच्या वर फेरे घेणार. अशा गाडीत सावकाश फिरणारं इंजिन घातलं की साठच्या पुढं ती रडायला लागते आणि मग क्राऊनही बदला, हे आलंच. दुसरा पक्ष मॅटाडोरचा. आकुर्डीच्या बजाज टेम्पोनं मर्सिडीजच्या परवान्यावर बनवलेलं २.४ लिटरचं इंजिन त्यात असायचं. भाजीच्या टेम्पोतून उतरवलेलं का असेना, ‘मर्सिडीजचं हाय’ हे वाक्य मालकाला आयुष्यभर पुरतं. मामा त्या वाक्यापाशी बराच वेळ रेंगाळले.

तिसरा पक्ष एकट्या मिस्त्रींचा होता, आणि तो प्यूजोचा. ते त्याला ‘पिजो’ म्हणत. १९७९ साली महिंद्रानं या फ्रेंच कंपनीशी करार केला आणि पुढं इगतपुरीत एक्सडीपी ४.९० हे इंजिन बनू लागलं. नाव ऐकायला बंदुकीचं वाटतं, अर्थ सरळ आहे: चार सिलिंडर, नव्वद मिलिमीटरचा बोअर. २११२ सीसीचं लहानसं इंजिन. याच जातीचं इंजिन युरोपात प्यूजो ५०४ मोटारीत टॅक्सीवाल्यांची सेवा करत होतं. ताकदीला साधारण साठ अश्वशक्ती, म्हणजे हरिकेनपेक्षा कमीच, पण अंगानं आटोपशीर आणि फिरायला मोकळं. महिंद्रानं ते आपल्या ५४० जीपमध्ये स्वतःच घातलं होतं, त्यामुळं मिस्त्रींचं म्हणणं असं की कंपनीला बसलं ते आपल्याला का बसू नये. कंपनीकडं त्यासाठी नवा गियरबॉक्सही होता, हा तपशील त्यांनी मनातच ठेवला.

गाड्यावर एक तरुण पोरगा होता. त्यानं स्विफ्टचं १.३ लिटरचं डिझेल सुचवलं. तोवर ते फियाटच्या घरचं इंजिन इतक्या कंपन्यांच्या मोटारींत शिरलं होतं की मोटारींची मासिकं त्याला गमतीनं राष्ट्रीय इंजिन म्हणायची, आणि हौशी मंडळी ते जिप्सीत बसवायला लागली होती. मिस्त्रींनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘त्याला कॉम्प्युटर लागतोय. ह्यो भिजला तर फुंकर मारून चालू होत न्हाई.’ चर्चा संपली. डोंगरात, पावसात, रात्री, एका पान्यावर आणि एका फुंकरीवर जे चालू होत नाही ते इंजिनच नव्हे, अशी त्यांची व्याख्या आहे. ती अडाणी वाटेल, पण राधानगरीच्या रस्त्यावर मध्यरात्री मला ती पटते.

प्यूजो इंजिन एका अपघातातल्या जीपमधून निघालेलं मिळालं आणि मामांच्या गोठ्यात ताडपत्रीखाली जाऊन बसलं. तिथं ते बराच काळ बसलं. मध्ये ऊस आला, भाचीचं लग्न आलं, मिस्त्रींच्या गुडघ्याचं दुखणं आलं. मामी रोज शेण काढताना त्याच्याभोवतीनं झाडायच्या आणि म्हणायच्या, ‘ह्याला पण एकदा वैरण टाकू का?’

शेवटी एका रविवारी छताच्या तुळईला चेन-कप्पी लावून हरिकेन वर उचललं. उचललेल्या इंजिनाखाली रिकामी जीप बघणं ही जरा संकोचाची गोष्ट आहे. पुढचा सगळा भाग उघडा, इंजिन ज्यांच्यावर बसतं ती ‘फौंडेशनं’ मोकळी, आणि मागं एकटाच गियरबॉक्स आपला शाफ्ट पुढं काढून वाट बघत असलेला. तिथपासून खरं काम सुरू झालं.

इंजिन आणि गियरबॉक्स यांच्यामध्ये एक प्लेट लागते. तिच्या एका बाजूला फ्रेंच भोकं, दुसऱ्या बाजूला अमेरिकन भोकं. दोन्हीकडचे नटबोल्ट बसवणं सोपं. अवघड असतं मधलं केंद्र. इंजिनाच्या क्रँकचा मध्य आणि गियरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य केसभर जरी सरकला तरी गाडी सुरू होते, चालते, मालक पेढे वाटतो, आणि काही महिन्यांत क्लच आणि गियरबॉक्सचं पुढचं बेअरिंग एकमेकांना खाऊन टाकतात. मिस्त्रींनी जाड प्लेट कापून आणली, फ्लायव्हीलला डायल लावला आणि एका हातानं क्रँक फिरवत त्या काट्याकडं बघत बसले. काटा थरथरला की ते थांबायचे, प्लेटवर खडूनं एक खूण करायचे, बोल्ट ढिला करायचे, हातोडीनं एकच टिचकी मारायचे, परत घट्ट करायचे. दुपारभर त्या गोठ्यात त्या टिचकीखेरीज दुसरा आवाज नव्हता. एरवी सदा बोलणारे मामा एका पालथ्या बादलीवर गप्प बसले होते.

शाफ्टच्या टोकासाठी क्रँकच्या तोंडात एक बुश लागतो. प्यूजोचं भोक मोठं, जीपचा शाफ्ट बारीक. त्यासाठी मिस्त्रींनी लेथवर गनमेटलचा बुश फिरवून आणला. मिस्त्रींनी मला तो हातात दिला. सोनेरी, गुळगुळीत, अंगठ्यात घालावा एवढासा. ‘सगळं हे काम ह्याच्यावर हाय,’ ते म्हणाले. मामांनी तो बघायला मागितला तर त्यांनी दिला नाही. मामांचे हात घामानं ओले होते.

यानंतर कळलं ते असं, की इंजिन बदलणं म्हणजे नुसतं इंजिन बदलणं नव्हे. जुन्या इंजिनाच्या सवयींवर आख्खी गाडी जगत असते आणि ते गेल्यावर एकेक अवयव तक्रार घेऊन पुढं येतो. जीपचं पुढचं डिफरन्शियल मधोमध नसून ड्रायव्हरच्या बाजूला सरकलेलं असतं. नव्या इंजिनाचा संप, म्हणजे खालचं तेलाचं भांडं, नेमका त्याच्यावर टेकायला बघत होता. तो कापून, आकार बदलून वेल्ड केला. पंखा आणि रेडिएटर यांच्यात दोन सूत जागा उरली, मग रेडिएटर पुढं सरकवला, तर त्याच्या पुढची जाळी म्हणाली मी कुठं जाऊ. डिझेलच्या नोझलमधून न वापरलेलं डिझेल परत टाकीत सोडावं लागतं, म्हणून ड्रायव्हरच्या सीटखालच्या टाकीला परतीची एक नळी जोडली. पेट्रोलला असली परतफेड माहीत नव्हती. त्याला एकदा दिलं की ते गेलं.

पण माझा सगळ्यात आवडता बळी म्हणजे वायपर. या जुन्या जीपचा वायपर विजेवर चालत नसे, इंजिनाच्या श्वासावर चालायचा. पेट्रोल इंजिन हवा आत ओढताना वाटेतली झडप अर्धवट बंद असते, त्यामुळं आतल्या नळीत निर्वात तयार होतं आणि त्या ओढीवर वायपर हलतो. व्यवस्था हुशारीची आहे, फक्त एक खोट: चढावर अ‍ॅक्सिलरेटर पुरा दाबला की झडप उघडते, निर्वात जातं आणि वायपर जागच्या जागी थांबतो. म्हणजे गगनबावड्याच्या घाटात, आषाढात, जिथं पाऊस आडवा येतो आणि गाडीला पुरा जोर लागतो, नेमकं तिथंच काच पुसणं बंद. मामा चढावर मध्ये मध्ये पाय उचलायचे, वायपर दोन फेऱ्या मारायचा, तेवढ्यात पुढचं वळण बघून घ्यायचं आणि परत पाय दाबायचा. आम्ही लहानपणी समजायचो की घाट असाच चढायचा असतो.

डिझेलला ती झडपच नाही. रुडॉल्फ डिझेलनं १८९७ साली आउग्सबुर्गला आपलं इंजिन चालवून दाखवलं तेव्हा त्यातली खुबी हीच होती: हवा लागेल तेवढी आत घ्यायची, ती इतकी दाबायची की स्वतःच तापेल, आणि मग त्यात इंधन फवारायचं. ठिणगी नको, प्लग नको. हरिकेन हवा सातपट दाबतं, प्यूजो विसाच्या वर. त्या पहिल्या इंजिनानं उष्णतेचा चौथ्या हिश्शाहून थोडा जास्त भाग कामाला लावला; तेव्हाच्या वाफेच्या इंजिनांना ते स्वप्नातही जमत नव्हतं. मामांच्या डायरीतल्या उजव्या बाजूच्या आकड्याचं मूळ तिथं आहे. १९१३ साली हा गृहस्थ इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून रात्रीत नाहीसा झाला, आणि काही दिवसांनी समुद्रात त्याचं प्रेत सापडलं. झडपेविना निर्वात नाही आणि निर्वाताविना वायपर नाही, याचा जाब विचारायला आता कोणी उरलेलं नव्हतं. मिस्त्रींनी विजेची मोटर बसवली. आता चढावरही काच साफ दिसते, आणि खाली दरी किती खोल आहे हे मामींना पहिल्यांदाच कळलं. त्यांनी त्या रस्त्यानं माहेरी जाणं कमी केलं आहे.

किल्लीचंही असंच. पेट्रोलच्या गाडीत किल्ली फिरवली की ठिणगी बंद, ठिणगी बंद की इंजिन बंद. डिझेलला ठिणगीच नाही, त्यामुळं या जुन्या पद्धतीच्या इंजिनाला किल्लीची पर्वा नसते. ते बंद करायला डॅशबोर्डखालची ‘स्टॉप’ची वायर ओढून धरावी लागते. सुरू करताना आधी हीटर लावून थोडं थांबायचं, बंद करताना वायर ओढायची. मामांनी पहिल्याच आठवड्यात बँकेसमोर जीप लावली, किल्ली काढून खिशात टाकली आणि आत गेले. बाहेर जीप आपली खडखडत उभी. शिपाई आत येऊन म्हणाला, ‘सायेब, तुमची गाडी चालूच हाय.’ मामांनी खिशातली किल्ली काढून त्याला दाखवली. बराच वेळ दोघंही त्या किल्लीकडं बघत राहिले.

आणि डिझेल संपू द्यायचं नाही. पेट्रोल संपलं तर बाटलीभर ओतून गाडी पुढं जाते. डिझेल संपलं की नळीत हवा शिरते, म्हणजे गाडी ‘एअर घेते’, आणि मग बोल्ट ढिला करून हातपंपानं फेसाळ डिझेल बाहेर येईपर्यंत पंप मारत बसावं लागतं. मामी आता हे काम मामांपेक्षा बरं करतात. पदर खोचून, चौदाचा पाना घेऊन, ‘फेस गेला, आता मारा स्टार्टर’ असं म्हणतात. एरवी त्यांना या गाडीतलं काहीही आवडत नाही. पेट्रोलचा वास तरी वाऱ्यावर जायचा, डिझेलचा पातळाला धरून राहतो, अशी त्यांची कायमची तक्रार आहे. एक फायदा त्या मान्य करतात: जीप कारखान्याच्या वळणावर आली की घरात ऐकू येते, चहाचं आधण ठेवायला वेळ मिळतो.

मग पासिंग. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: गाडीत बदल करायचा तर परवानगी घ्या आणि आरसी बुकात नोंद करा. २०१९ साली सुप्रीम कोर्टानं कारखान्यानं दिलेल्या मूळ स्वरूपाविरुद्ध बदल चालणार नाहीत असं बजावल्यावर हे प्रकरण आणखी कडक झालं. मामांचं त्याआधीच मार्गी लागलं होतं, अर्ज आणि चकरा दोन्ही मिळून. पंधरा वर्षं उलटून गेलेल्या गाडीला महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो, तो मामांनी भरला, आणि त्याच खिडकीवर आपल्याच गाडीत डिझेल घालायचा अर्जही दिला. यातली विसंगती त्यांच्या लक्षात आली नाही, खिडकीतल्या माणसाच्या आली असावी. तो हसल्यासारखा वाटला.

तपासणीला आलेल्या साहेबांनी जीपच्या चेसिसवर कागद ठेवला आणि वरून पेन्सिल घासली. गंजाखालून आकडे कागदावर उमटले. बस्स, एवढ्यावर ओळख पटली. इंजिन नंबरासमोर जुना खोडून नवा लिहिला, इंधनाच्या रकान्यात पेट्रोलचं डिझेल झालं, पण गाडी तीच. देहातला जीव बदलला तरी माणूस तोच, असं कुठलंही शास्त्र म्हणत नाही, आरटीओ म्हणतं. हाडं तीच आहेत ना, मग झालं. मला हा विचार बराच दिलासा देणारा वाटतो, विशेषतः गुडघे बदललेल्या नातेवाइकांच्या बाबतीत.

आता हिशेब. जीप रस्त्यावर आली ती २०१४ च्या हिवाळ्यात. त्याच वर्षी ऑक्टोबरात सरकारनं डिझेलचेही दर मोकळे सोडले होते. अंतर मिटत चाललं आणि २०२० च्या जूनमध्ये दिल्लीत काही दिवस डिझेल चक्क पेट्रोलपेक्षा महाग झालं. मामांनी वर्तमानपत्राचं ते पान घडी करून कुठं ठेवलं ते कोणालाच माहीत नाही. पण अ‍ॅव्हरेज वाढलं, हे खरं. गाडी आता अकरा-बारा देते, आणि कोणी न विचारताही मामा ते मोठ्यानं सांगतात. इंजिन, प्लेट, बुश, संप, रेडिएटर, वायपर, वेल्डिंग, चहा, सगळं धरलं तर त्या जास्तीच्या किलोमीटरांनी पैसे कधी वसूल होतील, हे मी एकदा गाडीतच मोबाइलवर काढलं होतं. मामांनी बघितलं आणि म्हणाले, ‘डोळ्यांना त्रास होतो रे त्याचा, ठेव खिशात.’

मला वाटतं अ‍ॅव्हरेज हे निमित्त असतं. इंग्लंडातले लोक जुन्या लँडरोव्हरमध्ये डिस्कव्हरीचं २०० टीडीआय बसवतात, अमेरिकेतले सुझुकी सामुराईत फोक्सवॅगनचं १.६ लिटरचं डिझेल घालतात, आणि तिकडंही प्रत्येकाच्या डायरीत असंच एक पान असणार. वर्षानुवर्षं ज्या गाडीत बसलो ती आतून कशी आहे हे बघायला काहीतरी सबब लागते. पैशाची सबब घरी सांगायला बरी पडते, एवढंच.

राहिलं जुनं हरिकेन. ते गोठ्यात त्याच ताडपत्रीखाली गेलं जिथून प्यूजो निघालं होतं. मिस्त्रींनी जाताना त्याच्या सगळ्या भोकांत चिंध्या कोंबल्या आणि सिलिंडरांत थोडं तेल सोडलं. मला तेव्हा ते मेलेल्याच्या तोंडात गंगाजल घातल्यासारखं वाटलं. मामी पुन्हा त्याच्याभोवतीनं झाडू लागल्या.

मागच्या वर्षी पुण्याहून एक गृहस्थ आले. जुन्या जीपा मूळ रूपात परत आणायचा त्यांना छंद आहे आणि चालू स्थितीतलं मूळ हरिकेन त्यांना कुठं मिळत नव्हतं. त्यांनी ताडपत्री बाजूला केली, गुडघ्यावर बसून ब्लॉकवरचा नंबर वाचला आणि जो आकडा सांगितला तो ऐकून मामींनी चहात साखर दुसऱ्यांदा घातली. प्यूजो आणि त्याचा सगळा थाट मिळून जेवढा खर्च झाला असावा, त्याहून तो जास्त होता. ‘आणि अख्खी गाडी ओरिजिनल असती ना,’ गृहस्थ म्हणाले, ‘तर मग विचारूच नका.’

मामांनी खरंच काही विचारलं नाही. गृहस्थांना कोपऱ्यापर्यंत सोडून आले, विचार करून कळवतो म्हणाले. मामी दारातच उभ्या होत्या, त्यांचा विचार करून झालेला होता. संध्याकाळी मिस्त्री आले तेव्हा मामा हरिकेनपाशी बसले होते, एक चिंधी काढून आत बॅटरी मारून बघत होते. आत गंज नव्हता. तेल जागच्या जागी होतं.

‘मिस्त्री,’ मामा जरा हळूच म्हणाले, मामींचा अंदाज घेत, ‘हे परत बसंल का हो?’

मिस्त्रींनी इंजिन डोळ्यांनी वरखाली मोजलं नाही, विडीची राखही झटकली नाही.

‘बसतंय की. जुनी फौंडेशनं मी कुठं कापल्यात?’